भिंतीवरचं दहा चाळीस

एकोणीसशे शहाण्णव, फेब्रुवारीची एकोणतीस, गुरुवार. थंडी सरत आली होती, सावलीत तेवढी शिरशिरी यायची — थांबा, तुम्ही सांगू नका बाई, मी सांगतो. कधी पडलं ते घड्याळच सांगतं. तबकडीवरची ही बारकी खिडकी बघा. वार आणि तारीख, दोन्ही तिथेच अडकलेत. गुरुवार, एकोणतीस. या वर्षात असा दिवस आतापर्यंत एकदाच आला. आता मे संपत आला. म्हणजे तीन महिने हे बंद पडलेलं घड्याळ तुम्ही पर्समध्ये घेऊन फिरताय. आणि वाजले होते — काटे तीनला पाच कमी दाखवतात, म्हणजे खरे दोन पस्तीस. — का म्हणजे? हे वीस मिनिटं पुढे असतं म्हणून. — मला कसं माहीत?

बसा. त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो. खुर्चीवर बसा.

काच फुटली, पट्टा तुटला, चावी वाकली. फरशीवर पडलं ना? — वाटलंच. आणि दोन दुकानांत दाखवून आलात, दोघांनी सांगितलं फेकून द्या, नवीन घ्या. ते सांगणारच, त्यांना विकायची असतात. मी विकत नाही. मी दुरुस्त करतो. बेचाळीस वर्षं, याच टेबलावर. — पुरुषी घड्याळ आहे. वडिलांचं असणार. नवऱ्याचं असतं तर एवढं जपलं नसतंत. — हसू नका, टेबल हलतं. मागचं झाकण काढतोय. आत बारीक स्क्रू असतात, एक उडाला तर आपण दोघं संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर. — दोनची ड्यूटी आहे? माहीत आहे. होईल.

काय म्हणालात? पेशंटने पाडलं? कसला पेशंट? — एक हेकट म्हातारा. हं. कॅज्युअल्टीत आला होता, कोणाचं ऐकत नव्हता, शेवटी तुमचं मनगट धरून घड्याळ पाडलं. हेकट कशावरून? — नाही, मला काय करायचंय, विचारतो आपला. चेहरा आठवतो का त्याचा? — नाही आठवत. बरोबर आहे, रोज शंभर चेहरे बघायचे, कोणता म्हणून लक्षात ठेवणार. माझंही तसंच आहे, गिऱ्हाइकाचा चेहरा राहत नाही, घड्याळ राहतं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी नाही ओळखलं. रुमालाची गाठ सोडलीत तेव्हा ओळखलं.

तो हेकट म्हातारा मी. — उठू नका. उठू नका म्हणतो ना! घड्याळ उघडं आहे. त्या दिवशी तोंडात दात नव्हते, दाढी वाढलेली, म्हणून ओळख पटत नाही. दात तुम्हीच काढून घेतलेत. हातमोज्यात बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवलेत. चिठ्ठी दुसऱ्याच्याच नावाची होती. — हो, मिळाले, तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत ते पायाला प्लॅस्टर घातलेल्या एका रंगाऱ्याच्या उशाशी होते. त्याला वाटलं दवाखान्याकडून सगळ्यांना देतात.

ऐका आता. तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात, पण उभ्या होतात. उभ्याने वेगळं दिसतं. मी आडवा होतो.

साडेदहाला इथेच बसलो होतो. छातीवर कुणीतरी तापलेली इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं झालं. डावा हात जड. चिमटा हातातून पडला — चिमटा कधी पडत नाही माझा. जावई शेजारच्या गल्लीत कामाला, त्याला बोलावलं, त्याने रिक्षात घातलं. आता जावई माझा सज्जन माणूस. तोच त्याचा दोष. सगळ्यांना 'आपण आधी' म्हणतो. केसपेपरच्या खिडकीपाशी त्याने सात जणांना 'आपण आधी' म्हटलं. मी मोजले. इकडे सासरा घामाने भिजलाय आणि हा तिकडे एका बाईला वाट करून देतोय — आणि त्या बाईला काही झालेलंही नव्हतं, ती बाथरूम कुठे आहे ते विचारायला आली होती! मी म्हटलं, जावईबापू, आमची मुलगी तुम्हाला मिळाली कशी? तेव्हा कोणी पुढे नव्हतं वाटतं?

दारात शिरलो तेव्हा माझ्या मनगटावर अकरा दहा. हे लक्षात ठेवा. रजिस्टरवाल्याने मान वर केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं — दहा चाळीस. मी म्हटलं, अहो, अकरा दहा. तो म्हणाला, आजोबा, नोंद भिंतीवरच्या घड्याळाची. नियम आहे. प्रत्येकाच्या मनगटावर वेगळी वेळ, भांडणं होतात, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी नियम केला, भिंतीवरची वेळ खरी. — तुम्हाला काय सांगायचं, नियम तुमचाच. मी म्हटलं, पण मी दहा चाळीसला आलोच नव्हतो, दहा चाळीसला मी माझ्या दुकानात मरत होतो. तो म्हणाला, मग बरंच आहे की, अर्धा तास आधीच आलात. पुढे.

स्ट्रेचरवर घातलं आणि बोळात लावून ठेवलं. भिंतीला. सायकल लावतात तसं. समोर ते घड्याळ. आता मी दुसरं काय बघणार? बघितलं. सेकंदाचा काटा पंचेचाळीसपाशी येऊन अडकलेला. वर चढायचं बळ नाही. उचलतोय, पडतोय, उचलतोय, पडतोय, जागच्या जागी थरथरतोय. सेल संपत आला की असंच होतं, शाळेतल्या पोराला कळेल. पण लांबून बघणाऱ्याला काय वाटतं? हलतंय, म्हणजे चालतंय. तुमच्या अख्ख्या खात्याला तसंच वाटत होतं. बारा वाजता बोट कापलेला एक सुतार आला — दहा चाळीस. साडेबाराला पोट धरून एक मास्तर आले — दहा चाळीस. तो रंगारी शिडीवरून पडून पाऊण वाजता आला — दहा चाळीस. सगळे एकाच वेळी जन्मलेले! मग आधी कोण? जो जास्त ओरडेल तो. सुतार ओरडला, आत गेला. मास्तर वर्गात ओरडतात तसे ओरडले, तेही गेले. मी ओरडत नाही. मला सवय नाही.

चष्मेवाले डॉक्टर तीनदा बाजूने गेले. प्रत्येक वेळी कागद बघायचे — दहा चाळीस. मान वर करायचे, भिंतीवर — दहा चाळीस. आणि मला म्हणायचे, आत्ताच तर आलात आजोबा, जरा धीर धरा. तिसऱ्या वेळी माझ्या घड्याळात दोन वाजत आले होते. आणि तुम्ही, तुम्ही नऊ वेळा गेलात. नऊ वेळा हे घड्याळ माझ्या नाकासमोरून गेलं, माझ्यापेक्षा वीस मिनिटं पुढे, आणि नऊ वेळा 'हो आजोबा, आलेच' म्हणालात. — मोजणार नाही तर काय करणार? माझा धंदाच मोजायचा आहे. — हो, तुम्ही एकट्या होतात, दुसऱ्या सिस्टर रजेवर होत्या, माहीत आहे. रंगाऱ्याने सांगितलं. त्याला सगळं माहीत असायचं. तो तर म्हणाला, दुपारचे डॉक्टर दोनच्या आधीच आले, दारातून भिंतीकडे बघितलं, 'अरे, मी फारच लवकर आलो' म्हणाले आणि कँटीनला गेले. मला खरं वाटत नाही. रंगारी थापाड्या होता. — काय? खरंच गेले होते? — मग मी त्याची माफी मागायला हवी.

जरा तो दिवा इकडे वळवा. हां. — सापडलं. हे चाक दिसतं? हे भिंग लावा डोळ्याला. बॅलन्स म्हणतात याला. घड्याळाचं काळीज. याचा आस मोडलाय, पडल्यामुळे. म्हणून ते दोघे फेकून द्या म्हणाले. या मशीनचे भाग आता येत नाहीत. — तोंड पाडू नका. भाग येत नाहीत म्हणालो, मिळत नाहीत असं नाही म्हणालो.

तर मी पडल्या पडल्या सगळ्यांना सांगून बघितलं. जावयाला म्हटलं, त्यांना म्हणावं घड्याळाचा सेल बदला. तो मला म्हणतो, बाबा, तुम्ही आता घड्याळाचा विचार करू नका. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना म्हटलं, ते म्हणाले, स्टोअरला मागणी टाकलीय. कधी? दिवाळीच्या आधी. तुम्हाला म्हटलं, तुम्ही म्हणालात 'हो आजोबा, आलेच'. मग माझं डोकं फिरलं. छातीतली इस्त्री एकीकडे आणि समोर तो थरथरणारा काटा. इस्त्री सोसली असती. काटा नाही सोसला.

उतरलो खाली. काउंटरवर डॉक्टरांचा टॉर्च खुंटीला लटकत होता, डोळ्यांत बघायचा, बारीक. त्यातला एक सेल काढला. रंगाऱ्याच्या शेजारचं लोखंडी स्टूल ओढलं. रंगारी म्हणतो, बाबा, चढू नका, मी असाच पडलो. मी म्हटलं, तू बोलू नकोस, धर. त्याने मोडका पाय तसाच लांब ठेवून एका हाताने स्टूल धरलं — मोठ्या मनाचा माणूस, थापाड्या असला तरी. घड्याळ उतरवलं, जुना सेल काढला, नवा घातला, वेळ लावली. माझ्या घड्याळावरून. दोन पंचवीस. परत टांगलं. काटा पंचेचाळीसवरून सरळ वर चढला, साठला गेला, खाली उतरला. बेचाळीस वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता मला.

आणि मग काय झालं? तुमच्यासमोरच झालं. चष्मेवाले डॉक्टर बाहेर आले. हातात माझाच कागद होता, माझाच! तोंड उघडून माझं नाव घेणार, एवढ्यात नजर भिंतीवर गेली. दोन पंचवीस. 'अरे बापरे, माझी ड्यूटी दोनलाच संपली' — कागद ठेवला, एप्रन काढला, गेले. मी स्टुलावर उभा. मीच घड्याळ चालू केलं आणि मीच माझा डॉक्टर घरी पाठवला. आणखी पाच मिनिटं ते बंद ठेवलं असतं तर माझा नंबर लागला असता. रंगारी एवढा हसला, एवढा हसला की स्टूल हलायला लागलं.

हसा. आता हसलात तरी चालेल, स्क्रू डबीत आहेत.

पण तेवढ्यात इस्त्री इथे गळ्यापर्यंत आली. डोळ्यांपुढे काळं. स्टुलावरून खाली कसा आलो आठवत नाही. तुम्ही पर्स खांद्याला लावली होती. मी बघितलं होतं. तुमचीही ड्यूटी संपलेली, मीच संपवलेली. दुपारची सिस्टर अजून आलेली नव्हती. तुम्ही दाराकडे निघालेल्या, मागे वळून बघितलंत — आणि पर्स तिथेच टाकलीत. फरशीवर. डबा सांडला त्यातला. स्ट्रेचर तुम्ही स्वतः ढकललंत, मामा कुठे होते कोण जाणे, आणि कँटीनच्या दिशेने अशी हाक मारलीत, अशी हाक मारलीत की जावई माझा, सज्जन माणूस, त्याने आयुष्यात पहिल्यांदा दोन जणांना ढकललं आणि डॉक्टरांना ओढत घेऊन आला.

मी तुमचं मनगट धरलं. — घट्ट धरलं? असेल. मला वाटलं सोडलं तर मी जाईन. हे कोणाला सांगायचं नाही. घरी नाही सांगितलेलं. तोंडातून काय निघालं तेही सांगायचं नाही तुम्ही. — ऐकलं होतंत? — बरं. बहात्तर वर्षांचा माणूस आईला हाक मारतो, असू दे.

त्यातच पट्टा तुटला. घड्याळ खाली पडलं, काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. तसा आवाज मी झोपेतही ओळखतो. नाडी मोजायची होती तुम्हाला, आणि घड्याळ फरशीवर. मग तुम्ही मान वर केलीत. भिंतीकडे. बोटं माझ्या मनगटावर आणि डोळे भिंतीवर. मी पण तिकडेच बघत होतो. काटा तीसवर, पस्तीसवर, चाळीसवर. पंचेचाळीस जवळ आलं. सिस्टर, त्या वेळी मी देवाला जगू दे असं नाही म्हटलं. एवढंच म्हटलं, चढ बाबा, चढ. अडकला असता तर तुमची मोजणी चुकली असती. आणि माझं नाव खराब झालं असतं.

चढला.

मग डॉक्टर म्हणाले टॉर्च द्या, डोळे बघू. टॉर्च लागेना. तुम्ही त्याला दोनदा आपटलात. मला माहीत होतं का लागत नाही, पण तोंडावर ते नळीचं झाकण. — वाचलो ते दिसतंच आहे. तुम्ही सहापर्यंत थांबलात, हेही रंगाऱ्याने सांगितलं. बस चुकली तुमची.

आता हे बघा. नाही, आश्चर्य करू नका, हात हलतो. हे माझ्या मनगटावरचं. तीच कंपनी, तेच मशीन, जुळं म्हणा. याचं चाक काढून तुमच्यात घालतो. — मला काय करायचंय घड्याळ? मान वर केली की चाळीस घड्याळं दिसतात. एक कमी दिसेल. — नाही म्हणू नका. मी विचारत नाहीये, सांगतोय.

असं. चिमट्याने असं ठेवायचं, फुंकर मारायची — ऐकू आलं? कानाला लावा. चाललं. — डोळे पुसा, भिंगाला ओल चालत नाही.

काच बसवतो. पट्टा चामड्याचा घालतो, लवकर तुटत नाही, पुढचा म्हातारा कितीही हेकट असला तरी. — काय? मेमो? तुम्हाला? कशाचा मेमो? उशीर केल्याचा द्यायला हवा रजिस्टरवाल्याला, तुम्हाला काय म्हणून? — कोणीतरी पेशंटने तक्रारवहीत लिहिलं.

काय लिहिलं?

— 'सिस्टरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे आहे.'

हं.

पट्टा काळा घालू की तपकिरी? — काळा. बरं.

ते मी लिहिलं. — बघू नका असं. मी चौथी शिकलोय, बाई. घरी सोडायच्या दिवशी वही पुढे आली, काही लिहायचं असेल तर लिहा म्हणाले. मी आभारच लिहायला बसलो होतो. पण पेन हातात धरलं की माझ्याकडून जे लिहिलं जातं ते एकच. इथे दुकानात पावती करतो ना मी — मालक कोण आणि दोष काय. काच फुटली. मागे पडतं. पुढे जातं. एवढंच लिहीत आलो बेचाळीस वर्षं. जे घड्याळ नीट चालतं त्याची पावती कधी कोणी करत नाही. तर तुमचं घड्याळ डोळ्यांसमोर आलं आणि लिहून बसलो, वीस मिनिटे पुढे आहे. वाचून बघितलं, मला बरोबर वाटलं. सही केली. — हो, बस चुकू नये म्हणून पुढे ठेवता, ते आता कळलं. तेव्हा कळलं असतं तर लिहिलं नसतं. बहुतेक.

आणि टॉर्चचं? टॉर्चमध्ये सेल नाही, हाही ठपका तुमच्यावर? मग सांगितलं का नाहीत म्हाताऱ्याने काढला म्हणून? — काय? सांगितलं असतं तर त्यांनी तो भिंतीवरून काढून परत टॉर्चमध्ये घातला असता? आणि ते पुन्हा दहा चाळीस?

... हो. घातला असता.

तीन महिने चाललंय का मग ते? बरोबर चाललंय? — बरं. बरं.

द्या तो कागद. पावतीपुस्तक. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, शिक्का मारून देतो, दुकानाचा. लिहितो. 'घड्याळ तपासले. दोष नाही. वीस मिनिटे पुढे आहे ते मी मुद्दाम ठेवले आहे.' खाली सही. आता करू द्या म्हणावं मेमो, मला करू द्या. मी उत्तर द्यायला येतो. रिक्षाने येतो, स्ट्रेचरवरून नाही.

घाला हातात. किती वाजले? माझ्या सगळ्या भिंतीवर एक दहा, तुमच्या मनगटावर दीड. — हो, तेच म्हणतोय, मुद्दाम. या दुकानातून चुकीची वेळ आजवर बाहेर गेली नव्हती.

पर्स बंद करा. काही द्यायचं नाही. आणि हा सेल. त्या टॉर्चचा. नवा आहे.

फिटलं. निघा, बस येईल तुमची. दार ओढून घ्या.